कॅमेऱ्याकडे न बघताही थेरपी होते: मराठवाड्यातल्या न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसाठी ऑनलाइन थेरपीची वाट

माझं पहिलं ऑनलाइन सत्र एप्रिलमध्ये झालं. परभणीत, दुपारी तीन वाजता. कूलरचा आवाज पलीकडे जाईल म्हणून मी कूलर बंद केला होता आणि ओढणीने घाम पुसत ४५ मिनिटं बोलत होते. तेवढ्या वेळात समुपदेशक बाईंनी तीनदा सांगितलं, "माझ्याकडे बघून बोला." मी बघितलं. लॅपटॉपच्या त्या बारीक दिव्यावर नजर अशी रोवून ठेवली की सत्र संपल्यावर काय बोलले, काय ऐकलं, यातलं एक वाक्यही आठवेना. फी भरली, कूलर लावला आणि अंधार पडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढचे आठ महिने थेरपीचं नाव काढलं नाही. मग दुसऱ्या एका थेरपिस्टशी गाठ पडली. त्या सुरुवातीलाच म्हणाल्या, "कॅमेरा बंद ठेवून सोपं जात असेल तर ठेवा, मला चालतं." मी कॅमेरा बंद केला, हातात रबरबँड घेऊन तो ताणत बसले, आणि जे सांगायचं होतं ते पहिल्यांदा सांगून झालं.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे अशी माणसं. ऑटिझम (माणसांशी वागणं-बोलणं आणि आवाज, स्पर्श, उजेड जाणवणं वेगळ्या तऱ्हेचं असणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं किंवा स्थिर बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ बसवणं अवघड जाणं), टुरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली आणि निघणारे आवाज) ही त्यातली ठळक नावं. आपल्याकडे ही नावं पोचायच्या आधी दुसरी पोचलेली असतात: घुमा, धांदरट, शिष्ट, येडपट, माणूसघाणा. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. त्यातून स्वतःतच गुंतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि मी ओळखते त्या ऑटिस्टिक लोकांना आजूबाजूचं नको तेवढं जाणवतं. या घडणीला बिघाड न मानता, ती आहे तशी धरून तुमचं जगणं हलकं करायला मदत करते ती अफर्मिंग थेरपी. तुम्हाला चारचौघांसारखं दिसायला शिकवणं हे तिचं काम नव्हे.

आधी एक पान लिहा

थेरपिस्ट शोधण्याआधी कागद घ्या. समोरच्याने "काय त्रास होतो?" असं विचारलं की आपल्यातल्या पुष्कळांचं डोकं कोरं होतं, म्हणून निवांत असताना लिहून ठेवलेलं बरं. निदानाची भाषा नको, आपला दिवस लिहा. माझ्या पानावर होतं: "खात्यात पैसे असून वीजबिलाला सलग तीनदा दंड. अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा. लग्नात डीजेजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की नंतर दोन दिवस कुणाशी बोलवत नाही. पतसंस्थेत मार्चअखेरचा हिशोब मात्र एका बैठकीत होतो, जेवायचं भान राहत नाही."

खाली आणखी दोन गोष्टी लिहा. आजवर कोणत्या युक्त्यांवर निभावून नेलं, आणि काय बदलायचं नाही. ही शेवटची ओळ गाळू नका. मी लिहिलं होतं, "एकटीने जेवायला आवडतं, ते बदलायचं नाही." पुढे एकदा सत्रात माझ्या एकटं जेवण्याचा विषय काळजीच्या सुरात निघाला, तेव्हा ती ओळ दाखवली आणि विषय तिथेच थांबला.

निदान आधी की थेरपी आधी?

थेरपीसाठी निदानाचा कागद लागत नाही. "मला ऑटिझम असावा असं वाटतं" एवढ्यावर सुरुवात करता येते. कागद लागतो तो औषधासाठी, परीक्षेतल्या किंवा नोकरीतल्या सवलतीसाठी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, वाचन-लेखनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडी त्या यादीत वेगळा नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या निदानावर प्रमाणपत्र काढून देतो असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. इंटरनेटवर मिळणारी एडीएचडीची सहा प्रश्नांची चाचणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. मोठ्यांच्या निदानात लहानपणाची चौकशी होतेच, कारण ही घडण बालपणापासूनची असते. जुनी प्रगतिपुस्तकं ट्रंकेतून काढा. "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "वर्गात मिसळत नाही" असे गुरुजींचे शेरे फार कामाला येतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, थकवा आणि विसराळूपणा तिकडूनही येतो. आणि "ऑटिझम असेल तर एडीएचडी नसतो" असं कुणी सांगितलं तर तो नियम जुना झालाय. डीएसएम या अमेरिकन निदानग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीपासून दोन्ही निदानं एकत्र देता येतात.

औषधाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, नाहीतर पैसे आणि हेलपाटे दोन्ही वाया जातात. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार या गटातलं औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, डॉक्टरांना प्रत्यक्षच भेटावं लागतं. शिवाय प्रत्येक मेडिकलवाला ते ठेवत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. एडीएचडीचंच दुसरं औषध, अ‍ॅटोमॉक्सेटिन, त्या गटात नाही. म्हणून थेरपी ऑनलाइन आणि औषधासाठी जवळच्या मोठ्या गावातला मनोविकारतज्ज्ञ, अशी जोडी लावणं आपल्याकडे सोयीचं पडतं. छत्रपती संभाजीनगरची घाटी, आंबेजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मनोविकार विभाग आहेत. गर्दी असते. रांगेतला गोंगाट सहन होत नसेल तर कानात बोळे घालून जा आणि सोबतीला कुणीतरी न्या, नाव पुकारल्यावर तुम्हाला खूण करायला.

कोण कोण असतं, आणि कुणाला विचारायचं

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव बघा. समुपदेशकांचं तसं नाही, कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून शिक्षण कुठे झालं, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे वरिष्ठ कुणी आहेत का, हे विचारा. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता भाषेचं. "न्यूरोअफर्मिंग" असं स्वतःबद्दल लिहिणारे थेरपिस्ट बहुतेक मुंबई, पुणे, बेंगळुरूचे, आणि बऱ्याच जणांची सत्रं इंग्रजीत चालतात. पाटीवरच्या त्या शब्दासाठी मराठी सोडू नका. इंग्रजीत मला "आय फील अँग्शस" एवढंच म्हणता येतं. मराठीत जीव घाबरा होतो, डोकं भणभणतं, अंगावर येतं, कासावीस होतं, आणि या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आत काय चाललंय ते नाव घेऊन सांगता न येणं ऑटिस्टिक लोकांत पुष्कळदा असतं, त्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. "तुम्हाला कसं वाटतंय?" या प्रश्नाला मला कधी उत्तर सुचलं नाही. "अंगात कुठे काय होतंय?" असं विचारल्यावर लगेच सुचतं, आणि ते आपल्या भाषेतच सुचतं.

त्यातही एक गाठ आहे. मी सुरुवातीला थेरपिस्टशी पुस्तकी मराठीत बोलत होते. "मला असं वाटत आहे की." घरात मी "मला लई कसंतरी व्हायलंय" म्हणते. दर वाक्याला आधी मनात धुऊन-वाळवून मग बाहेर काढायचं, हे तर मी ऑफिसात दिवसभर करतच होते. लोकांना खटकू नये म्हणून आपल्या मूळ वागण्यावर झाकण घालणं याला मास्किंग म्हणतात, आणि त्याने माणूस पार पिळून निघतो. थेरपीतही तेच करायचं असेल तर फी कशाची? तिसऱ्या सत्रात मी सांगून टाकलं, "मी आमच्याकडच्यासारखंच बोलणार." त्या म्हणाल्या, "बोला की. मला एखादा शब्द कळला नाही तर विचारीन." तुमच्या "करायलोय", "बोलूलालो" वर हसणारा किंवा ते दुरुस्त करणारा माणूस तुमच्यासाठी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: अफर्मिंगची पाटी असलेल्या पण तुमची भाषा न कळणाऱ्या थेरपिस्टपेक्षा, पाटी नसलेला पण ऐकून स्वतःची पद्धत बदलणारा मराठी थेरपिस्ट शंभर वेळा बरा. पाटी नाही, वागणूक बघा.

फोन लावायची गरज नाही. असा मेसेज पाठवा:

"नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे, परभणीला राहते. मला ऑटिझम असावा असं वाटतं, निदान झालेलं नाही. मराठीतून ऑनलाइन थेरपी हवी आहे. फोनवर बोलणं अवघड जातं म्हणून लिहिते आहे. तुम्ही अशा प्रौढांबरोबर काम केलं आहे का? कॅमेरा बंद ठेवून किंवा मधेमधे टाइप करून बोललं तर चालेल का? फी किती, आणि ऐपतीप्रमाणे कमी होते का?"

वय आणि गाव तुमचं घाला, बाकी मजकूर असाच उचलला तरी हरकत नाही. तीन-चार जणांना एकाच दिवशी पाठवा. एकालाच पाठवून उत्तराची वाट बघत बसलात, आणि उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याला पाठवायचं बळ उरत नाही. माझा त्यातच दीड महिना गेला.

पहिल्या बोलण्यात काय ताडायचं

बरेच थेरपिस्ट पहिली १५-२० मिनिटं ओळखीसाठी देतात, काही जण त्याचे पैसे घेत नाहीत. ही तुमची परीक्षा नव्हे, त्यांची मुलाखत आहे. प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि खुशाल वाचून विचारा.

मी विचारते तो सगळ्यात उपयोगी प्रश्न: "माझी थेरपी नीट चालली तर सहा महिन्यांनी माझ्यात काय बदललेलं असेल, असं तुम्हाला वाटतं?" एकाने मला उत्तर दिलं, "तुम्ही लोकांत मोकळेपणाने मिसळाल, कुणाला फरकही कळणार नाही." दुसरीकडे उत्तर मिळालं, "ते आपण दोघी मिळून ठरवू. पण तुमची दमणूक कमी व्हावी असं मला वाटतं." मी दुसरीकडे गेले.

दुसरा प्रश्न: "बोलताना मी हात हलवते, मधेच उठून फेऱ्या मारते, त्याचं तुम्ही काय करता?" उत्तरात "हळूहळू कमी करू" आलं तर तिथेच थांबा. हात हलवणं, झुलणं, वस्तू फिरवत राहणं याला स्टिमिंग म्हणतात. शरीर स्वतःला सावरत असतं. स्वतःला इजा होत नसेल तर त्यात कमी करण्यासारखं काही नाही.

काही वाक्यं ऐकू आली की आभार मानून निघा. "तुम्ही तर नीट बोलताय, तुम्हाला कसला ऑटिझम?" "हे सगळं मोबाइलमुळे." "लग्न झालं की सुधारेल." "दहा सत्रांत बरं करतो." आणि "एकदा तुमच्या मिस्टरांशी बोलून घेते." मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधल्या कलम २३ ने तुमची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ते कोणते, हे थेरपिस्टने पहिल्याच सत्रात सांगायला हवं. सांगितलं नाही तर विचारा.

मात्र "या विषयात माझा अनुभव कमी आहे, पण मी वाचीन आणि तुमच्याकडूनही समजून घेईन" असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला एक संधी द्या.

घरात जागा कुठली काढायची

शहरातल्या लेखांत "शांत खोलीत बसा" एवढं लिहून पुढे जातात. आपल्याकडे खोलीला दार असेल तर त्याला कडी नसते, आणि कडी लावली तर बाहेरून हाक येते, "कुणासंग बोलायलीस गं?" पावसाळ्यात पत्र्याच्या घरात स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

मी दोन जागा ठरवल्यात. एक गच्चीची पायरी, हिवाळ्यात. दुसरी कृषी विद्यापीठाच्या आवारातली झाडांची सावली, तिथे रेंज चांगली मिळते आणि फिरायला आलेलं माणूस कुणाच्या फोनकडे लक्ष देत नाही. माझा एक मावसभाऊ माजलगावकडे शेती करतो. तो ट्रॅक्टर बांधाला लावून त्यावर बसतो. शेतीची लाइट दिवसा असते त्या आठवड्यात शेजारच्या मोटारीचा आवाज येतो, म्हणून त्याने थेरपिस्टला सांगून एक आठवडा सकाळ, एक आठवडा संध्याकाळ अशी वेळ लावून घेतलीय. असं मागता येतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

वायरचे इअरफोन वापरा, ब्लूटूथची बॅटरी ऐनवेळी दगा देते. रेंज गेली तर पुढे काय, हे आधीच ठरवा: पाच मिनिटं थांबायचं, मग साधा फोन, तोही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून. हे ठरलेलं नसलं की फोन कट झाल्यावर डोक्यात जे काहूर माजतं त्यात अख्खं सत्र जातं. फोन घरात दोघंतिघं वापरत असतील तर चॅट लॉक करा. पैसे यूपीआयने पाठवताना टिपणात "थेरपी" लिहू नका. खातं नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरला जोडलेलं असेल तर मेसेज त्यांच्याकडे जातो, त्याचा विचार आधी करा.

सत्र आपल्या मापाने शिवून घ्या

तयार ब्लाउज उसवून आपल्या मापाचा करतो तसं इथेही करावं लागतं, आणि ते मागणं उद्धटपणा नाही. आदल्या दिवशी विषय मेसेजवर ठरवून घ्या. सत्रानंतर दोन ओळी लिहून पाठवायला सांगा, नाहीतर ऐकलेलं दाराबाहेर पडेपर्यंत जातं. ४५ मिनिटं जड जात असतील तर ३० ची दोन सत्रं मागा. उत्तर द्यायला वेळ लागतो हे सांगून ठेवा, म्हणजे शांतता भरून काढायला थेरपिस्ट पुढचा प्रश्न टाकणार नाहीत.

घरी करायला दिलेला अभ्यास होत नसेल तर तो तुमचा आळस समजू नका, अभ्यासाचा आकार चुकलाय. मला रोज वही लिहायला सांगितली होती, ती चार दिवस चालली. मग ठरलं की झोपताना फोनवर एका वाक्याचा आवाज रेकॉर्ड करायचा. ते अजून चालू आहे.

विचार बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही पद्धत सर्रास वापरली जाते. एडीएचडीच्या प्रौढांना तिचा उपयोग होतो, पण ती आपल्या मापाने वळवलेली असेल तरच. "डीजेचा आवाज मला सहन होत नाही" हा चुकीचा विचार नाही, तो आवाजच तुमच्या कानाला तेवढा मोठा आहे. तिथे विचार तपासत बसायचं नसतं. वरातीत मागे चालायचं, कानात बोळे घालायचे आणि अर्ध्या तासाने घरी निघायचं, एवढं ठरवायचं असतं. माणसांशी सूर न जुळण्याचंही तसंच. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नसतो. हे वाचल्यावर मी ऑफिसातल्या प्रत्येक अवघडलेल्या क्षणाचा दोष स्वतःच्या खात्यावर टाकणं कमी केलं.

सत्रानंतरचा अर्धा तास रिकामा ठेवा. लगेच पोळ्या लाटायला किंवा गिऱ्हाइकासमोर उभं राहायला जाऊ नका.

पैसे, आणि फार अवघड झालं तर

मी विचारलं तिथे एका सत्राचे ८०० पासून २,००० रुपयांपर्यंत सांगितले गेले. दर आठवड्याला परवडत नसेल तर पंधरा दिवसांनी घ्या आणि ते पहिल्याच बोलण्यात सांगा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा आयकॉल हा उपक्रम फोनशिवाय ईमेल आणि चॅटवरही समुपदेशन करतो. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जाणाऱ्यांसाठी मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

जीव नकोसा झाला असेल तर ऑनलाइन सत्राच्या तारखेची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. फोनवर वाचा बसते असं होत असेल तर एक वाक्य आधी लिहून ठेवा, "मला बोलायला वेळ लागतो, फोन ठेवू नका," आणि तेच वाचा. किंवा घरातल्या एका माणसाला आत्ताच सांगून ठेवा की वेळ आली तर फोन त्याने लावायचा. लगेच जिवाला धोका असेल तर ११२, किंवा सरळ जवळच्या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग गाठा.

घरी सांगायचं का?

सगळ्यांना सांगायची गरज नाही. मी फक्त आईला सांगितलं, आणि नाव न सांगता सांगितलं: "माझ्या डोक्याला आवाज आणि माणसं लवकर जड होतात, ते कसं सांभाळायचं हे मी एका बाईंकडून शिकायलेय." आई म्हणाली, "मंग शिक की." पुढे कुणी पाहुणा आला तर ती परस्पर सांगते, "ती कामात हाय."

सासरी, नोकरीच्या ठिकाणी किंवा स्थळ बघताना सांगायचं की नाही हा निर्णय तुमचा. थेरपिस्टशी त्यावर बोला, पण "प्रामाणिक राहा, सांगून टाका" असा सल्ला देणाऱ्याला बीड-जालन्याकडचं लहान गाव कसं असतं हे बहुधा माहीत नसतं.

जमत नसेल तर कसं सोडायचं

चार ते सहा सत्रांनंतर आपलं ते पहिलं पान काढा आणि वाचा. सत्राच्या आदल्या रात्री झोप उडते का? थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून "हो, फरक पडतोय" म्हणता का? ज्या ओळीला "बदलायचं नाही" लिहिलं होतं तिच्यावरच काम चाललंय का? दोन प्रश्नांचं उत्तर हो आलं तर आधी त्यांना सांगून बघा. सांगितल्यावर पद्धत बदलली तर राहा. नाही बदलली तर कारण देत बसायचं बंधन नाही, एवढा मेसेज पुरतो: "नमस्कार. आजवरच्या सत्रांबद्दल आभार. मी इथे थांबते आहे. पुढची वेळ कृपया रद्द करा. माझ्या नोंदी मला मिळाव्यात." फी बाकी असेल तर त्याच दिवशी पाठवून द्या, आणि पहिलं पान फाडू नका. पुढच्या थेरपिस्टकडे जाताना तेच लागतं.